डोक्याला मार लागल्यानंतर चेतापेशी मरत का राहतात?

समजा, मंठ्याकडच्या एका गावातला तिशीतला तरुण आठवडी बाजार करून दुचाकीवरून घरी निघाला आहे. अंधारात खड्डा दिसत नाही, गाडी उसळते आणि त्याचे डोके डांबरावर आपटते. हेल्मेट हँडलला अडकवलेले. लोक त्याला उचलून दवाखान्यात नेतात. सीटी स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव आणि थोडी सूज दिसते. तो नाव सांगतो, आईला ओळखतो. घरच्यांना वाटते, वाचलो. दुसऱ्या दिवशी मात्र त्याची गुंगी वाढते आणि नवा स्कॅन पहिल्यापेक्षा वाईट येतो.

अशा वेळी नातेवाईक दोन प्रश्न विचारतात. पहिला : "डॉक्टर, मार तर काल लागला. काल तो बोलत होता, मग आज काय बिघडलं?" आणि दुसरा : "नसांना ताकद देणारं, नसा वाढवणारं इंजेक्शन असतं म्हणतात. कितीही महाग असू द्या, पण द्या."

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. चेतापेशींना वाढवणारा, जगवणारा म्हणून जो रेणू प्रसिद्ध आहे, तोच मेंदूला इजा झाल्यावर वेगळ्या रूपात बाहेर पडून त्यांना मरायला लावतो, असे गेल्या पंचवीस वर्षांतल्या संशोधनातून दिसून आले आहे. हे कसे घडते आणि त्यातून आपण काय शिकायचे, ते या लेखात पाहू.

मार एकदाच, नुकसान दोनदा

मेंदूच्या इजेचे दोन भाग असतात. पहिली इजा आदळण्याच्या क्षणी होते. कवटी थांबते, पण आतला मऊ मेंदू हलतो, ताणला जातो, काही रक्तवाहिन्या फाटतात आणि काही पेशी तिथेच चिरडतात. हे सेकंदाच्या आत घडते. ते परत फिरवता येत नाही, फक्त टाळता येते.

दुसरी इजा त्यानंतर सुरू होते आणि तासन् तास, कित्येक दिवस, काही रुग्णांत आठवडेही चालू राहते. फुटलेल्या पेशींमधून ग्लुटामेट नावाचे रसायन बाहेर सांडते आणि शेजारच्या धडधाकट पेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजित करते. त्या पेशींत कॅल्शियम भरून येते. सूज वाढते. कवटी तर ताणली जात नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा कमी होतो. मेंदूतल्या संरक्षक पेशी चवताळून उठतात. मार लागला त्या जागेच्या भोवतीच्या पट्ट्यात पहिल्या धक्क्यातून वाचलेल्या, पण अडचणीत आलेल्या असंख्य चेतापेशी असतात. रुग्ण पुढे किती बरा होणार, हे बऱ्याच अंशी त्यांच्या नशिबावर ठरते.

या पेशी दोन प्रकारे मरतात. काही फुगून फुटतात. काही मात्र आतून शांतपणे स्वतःला मोडीत काढतात. या दुसऱ्या प्रकाराला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात, कारण त्याची यंत्रणा पेशीत आधीपासून असते आणि ती सुरू व्हायला संदेश लागतो. हा संदेश कोण देतो, हाच आपला विषय.

वाढवणाऱ्या रेणूचा शोध

इटलीतल्या तुरीन शहरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिटा लेव्ही-मोंतालचिनी ही तरुण ज्यू डॉक्टर वांशिक कायद्यांमुळे विद्यापीठाबाहेर पडली होती. तिने झोपण्याच्या खोलीत छोटी प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांवर अभ्यास सुरू ठेवला. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे तिला दिसले की उंदराच्या एका गाठीचा तुकडा भ्रूणाजवळ ठेवला की चेतातंतू भराभरा फुटून वाढतात. म्हणजे गाठीतून काहीतरी पाझरत होते. स्टॅन्ली कोहेन यांनी तो पदार्थ वेगळा काढला. त्याला नाव मिळाले नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे चेतातंतू वाढवणारा घटक. थोडक्यात एनजीएफ. या कामासाठी दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एनजीएफ नुसता वाढवत नाही, जगवतोही. भ्रूणात चेतापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. ज्यांना योग्य ठिकाणी पोहोचून पुरेसा एनजीएफ मिळतो त्या टिकतात, बाकीच्या गळून जातात. १९८२ मध्ये याच घराण्यातला दुसरा घटक मेंदूत सापडला. त्याचे नाव बीडीएनएफ.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की कोणालाही वाटेल, मग हे घटक रुग्णाला भरभरून द्यावेत! शास्त्रज्ञांनाही अनेक वर्षे तसेच वाटत होते.

मोसंबी जगवणारे, कपाशी वाकडी करणारे

पुढचा भाग समजायला जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सोपा जाईल. अंबड, घनसावंगी, बदनापूर भागात मोसंबीच्या बागा आहेत. फळगळ होऊ लागली की टू-फोर-डी अगदी थोड्या प्रमाणात, म्हणजे लिटरमागे काही मिलिग्रॅम, फवारतात. ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखे काम करते आणि फळ देठाला धरून राहते. हेच टू-फोर-डी जास्त प्रमाणात वापरले की रुंद पानांच्या तणांना मारते. आणि वाऱ्याबरोबर उडून शेजारच्या कपाशीवर गेले तर अगदी थोडेसुद्धा पुरते, पाने बोटांसारखी चिंचोळी आणि वाकडी होतात. तणनाशकाचा पंप कपाशीला वापरू नये, हे म्हणूनच सांगावे लागते.

पदार्थ एकच. कोणत्या रूपात, किती आणि कोणावर पडला, यावर तो जगवणार की मारणार हे ठरते. मेंदूतल्या वाढ घटकांचे असेच आहे. फरक एवढाच की तिथे मात्रेपेक्षा रूप आणि तो संदेश पकडणारा रिसेप्टर, या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत.

कच्चे रूप आणि पक्के रूप

पेशी एनजीएफ बनवते तेव्हा तो थेट तयार मिळत नाही. आधी एक लांब, कच्चा रेणू बनतो, त्याला प्रो-एनजीएफ म्हणतात. मग काही विकर, म्हणजे पेशीतल्या रेणूरूपी कात्र्या, त्याचा एक भाग कापून टाकतात आणि उरतो तो पक्का एनजीएफ. हे कापणे पेशीच्या आतही होते आणि बाहेरही.

अनेक वर्षे असे मानले जात होते की कच्चा रेणू म्हणजे केवळ मधला टप्पा, त्याला स्वतःचे काम नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या बार्बरा हेम्पस्टेड यांच्या गटाने दाखवून दिले की कच्चा रेणू पेशीबाहेर पडतो तेव्हा त्याचा संदेश पक्क्या रेणूच्या अगदी उलट असतो.

याचे कारण रिसेप्टरमध्ये आहे. चेतापेशीच्या पृष्ठभागावर संदेश पकडणारे वेगवेगळे रेणू असतात. त्यांतले दोन आपल्या कामाचे :

- ट्रॅक-ए : पक्का एनजीएफ याला घट्ट बसतो. मग पेशीच्या आत "जग, वाढ, तंतू टिकव" असे संदेश सुरू होतात.
- पी-७५ : कच्चा प्रो-एनजीएफ याला पसंत करतो. पी-७५ च्या आतल्या टोकाला एक विशिष्ट भाग असतो. त्याला शास्त्रीय भाषेतही मृत्यूचा भाग असेच नाव आहे.

२००४ मध्ये आणखी एक दुवा सापडला. प्रो-एनजीएफला मृत्यूचा संदेश पोहोचवायला पी-७५ एकटा पुरत नाही, सॉर्टिलिन नावाचा जोडीदार लागतो. प्रो-एनजीएफ एका बाजूने सॉर्टिलिनला आणि दुसऱ्या बाजूने पी-७५ ला धरतो, आणि तिघांची जोडणी झाली की संदेश आत जातो. बीडीएनएफच्या कच्च्या रूपाचेही असेच होते.

पी-७५ म्हणजे निव्वळ खलनायक, असे मात्र समजू नका. तो ट्रॅक-ए बरोबर असला तर जगण्याच्या संदेशाला मदत करतो. भ्रूणावस्थेत जादा पेशींची छाटणी करायला याच यंत्रणेचा उपयोग होतो. ही यंत्रणा शरीराने विचारपूर्वक जपलेली आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा ती मोठ्या माणसाच्या जखमी मेंदूत पुन्हा जागी होते.

मार लागल्यानंतर आत काय घडते?

प्रौढ मेंदूच्या बहुतेक भागांत पी-७५ फार थोडा असतो. इजा झाल्यावर क्रम असा लागतो :

१. इजेच्या भोवतालच्या चेतापेशींवर पी-७५ पुन्हा दिसू लागतो.

२. चेतवलेल्या संरक्षक आणि आधार देणाऱ्या पेशी प्रो-एनजीएफ तयार करून बाहेर सोडतात. तो सगळा कापला जाऊन पक्का होत नाही.

३. कच्चा रेणू पी-७५ आणि सॉर्टिलिनच्या जोडीला बसतो.

४. पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते. ती पेशीच्या ऊर्जाकेंद्रांपर्यंत, म्हणजे मायटोकाँड्रियापर्यंत पोहोचते. तिथून सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन गळते.

५. त्यामुळे कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि पेशीचा सांगाडा व जनुकद्रव्य आतून तोडू लागतात. चेतापेशी आक्रसून मरते.

हे केवळ परीक्षानळीतले निरीक्षण नाही. २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत जाणारे तंतू तुटलेल्या प्राण्यांमध्ये प्रो-एनजीएफ बाहेर पडून पी-७५ ला चिकटतो असे दिसले. हे चिकटणे रोखले तेव्हा जखमी चेतापेशी वाचल्या. म्हणजे त्या पेशी माराने मेलेल्या नव्हत्या. त्यांना नंतर मरण्याचा संदेश मिळत होता.

सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. काल बोलणारा रुग्ण आज का ढासळतो? रक्तस्राव वाढणे आणि सूज ही त्याची मोठी, स्कॅनमध्ये दिसणारी कारणे. पण त्याच तासांत आणि पुढच्या दिवसांत पेशींच्या पातळीवर हा न दिसणारा मृत्यूही चालू असतो. डॉक्टर "७२ तास महत्त्वाचे आहेत" असे म्हणतात, ते वेळ काढण्यासाठी नव्हे.

मग "नसा वाढवणारे" इंजेक्शन का नको?

आता दुसरा प्रश्न. वाढ घटक बाहेरून देण्यात तीन अडचणी आहेत.

पहिली, हे मोठे प्रथिन रेणू आहेत. शिरेतून दिले तर रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्यांना सहसा आत जाऊ देत नाही.

दुसरी, थेट मेंदूत सोडले तरी ते हव्या त्या पेशीवरच काम करतील असे नाही. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात अल्झायमरच्या तीन रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळीत एनजीएफ सोडून पाहिला. त्रासदायक पाठदुखी आणि वजन घटणे यांमुळे तो मार्ग सोडावा लागला.

तिसरी, आपण वर पाहिलेलीच. जखमी मेंदूत नुसता घटक कमी पडत नाही, त्याचे रूप आणि तो पकडणारा रिसेप्टरही बदललेला असतो.

बाजारात "मेंदूचे टॉनिक" म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांचे काय? सिटिकोलीनची अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. ९० दिवसांनी औषध घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण यांत फरक दिसला नाही. स्टिरॉइडची गोष्ट याहून बोलकी आहे. सूज उतरेल म्हणून ते वर्षानुवर्षे दिले जात होते. २००४ मध्ये १०,००८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१.१ टक्के, न दिलेल्यांत १७.९ टक्के. म्हणजे उपकारासाठी दिलेल्या औषधाने जीव जात होते.

म्हणून एखाद्या डॉक्टरने "असे इंजेक्शन देऊन उपयोग नाही" असे सांगितले, तर तो उपचारात काटकसर करतो आहे असे समजू नका. त्यासाठी दागिने गहाण ठेवू नका, शेत विकू नका. ते पैसे पुढे फिजिओथेरपीला लागणार आहेत.

संशोधन आता उलट दिशेने चालले आहे. वाढवणारा घटक ओतण्याऐवजी पी-७५ चा मृत्यूचा संदेश अडवायचा. अशा एका छोट्या रेणूने डोक्याला इजा केलेल्या उंदरांत चेतापेशींचे नुकसान कमी झाले. तोंडाने घेता येणाऱ्या त्याच औषधाची अल्झायमरच्या रुग्णांवरची प्राथमिक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ते बहुतांशी सुरक्षित आढळले. पण डोक्याच्या इजेवर ते आज उपचार म्हणून उपलब्ध नाही. प्राण्यांत यशस्वी झालेली अनेक औषधे माणसांत अपयशी ठरली आहेत, हेही लक्षात ठेवायला हवे.

आज चेतापेशी कशा वाचतात?

मरणाचा संदेश थेट थांबवणारे औषध नसले, तरी तो संदेश कधी जोर धरतो हे माहीत आहे. ऑक्सिजन कमी पडला, रक्तदाब घसरला, कवटीतला दाब वाढला की अडचणीतल्या पेशी आणखी अडचणीत येतात. गंभीर इजेच्या रुग्णाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. म्हणून साधा ऑक्सिजन आणि सलाइन वेळेवर मिळणे हे आजचे सर्वांत प्रभावी चेतापेशीरक्षक उपाय आहेत.

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर. मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या रुग्णाला आधी जालन्याचेच अंतर कापायचे असते. हा प्रवास टळत नाही, पण तो कसा होतो हे आपल्या हातात आहे.

- १०८ ला फोन करा. जीपच्या मागच्या सीटवर मान लोंबकळत नेण्यापेक्षा ऑक्सिजन असलेली रुग्णवाहिका बरी.
- मान वाकवू नका, ओढू नका. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा.
- पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका.
- जखमेत हळद किंवा चहापूड भरू नका. स्वच्छ कापडाने हलका दाब द्या.
- अपघाताची वेळ लिहून ठेवा. सौम्य आणि मध्यम इजेत रक्तस्राव आवरणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ३ तासांच्या आत दिले तर डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू कमी होतात, असे २०१९ च्या १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसले. ते द्यायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना वेळ माहीत हवी.
- जवळच्या रुग्णालयात आधी रुग्णाला स्थिर करू द्या. श्वास आणि रक्तदाब सांभाळण्यात गेलेली काही मिनिटे वाया जात नाहीत. स्थिर न करता पुढे पळवणे धोक्याचे.

मदत करायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेच अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमींना नियुक्त रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. दाखल करतानाच त्याची चौकशी करा.

"मुका मार" आहे म्हणून सोडू नका

बाहेर रक्त नाही, म्हणजे आत काही नाही असे नसते. घरी आलेल्या माणसात पुढचे काहीही दिसले तर वेळ न घालवता रुग्णालयात न्या :

- पुन्हा पुन्हा उलट्या, किंवा वाढत जाणारी डोकेदुखी
- गुंगी, असंबद्ध बोलणे, हाक मारल्यावर नीट जागे न होणे
- फिट येणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे
- डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव

म्हातारी माणसे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांच्यात साधे घसरून पडणेही गंभीर समजा. आणि "प्यायलाय म्हणून झोपलाय" असे गृहीत धरू नका. दारूची गुंगी आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची गुंगी बाहेरून सारखीच दिसते.

बरे होण्याच्या काळात

मेलेली चेतापेशी सहसा परत येत नाही. पण वाचलेल्या पेशी नव्या जोडण्या करतात, आणि या कामात पक्का बीडीएनएफ मदत करतो. तो वापराने, म्हणजे हालचाल, बोलणे, सराव यांतून चेतापेशींच्या कामाबरोबर बाहेर पडतो. नसा वाढवणाऱ्या इंजेक्शनच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे रोजची फिजिओथेरपी. ती पहिल्या काही आठवड्यांत फळ दिसत नाही म्हणून सोडली जाते. सोडू नका. पुरेशी झोप घ्या, दारू पूर्ण बंद ठेवा, आणि दिलेली फिटची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

आणि पहिली इजा? ती रोखणारे साधन हँडलला अडकवलेले होते. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे घ्या, हनुवटीखालचा पट्टा लावा, मागे बसणाऱ्यालाही घाला. पट्टा न लावलेले हेल्मेट डोके आपटण्याआधीच उडून जाते. मग आतल्या पेशींना जगायचा संदेश मिळेल की मरायचा, हे आपल्या हातात राहत नाही.

*हा लेख माहितीसाठी आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या उपचारांचा निर्णय प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*